मारुती ८०० ची ऑइल गळती: काउंटरवर मिळणाऱ्या चार इलाजांची पारख

जुन्या मारुती ८०० खाली सकाळी ऑइलचे थेंब दिसायला लागले की स्पेअरच्या दुकानात चार वस्तू पुढ्यात येतात. ऑइलमध्ये ओतायची लीक-स्टॉपची बाटली, कॉर्कचं टॅपेट कव्हर पॅकिंग (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखालची पट्टी), रबराचं टॅपेट कव्हर पॅकिंग आणि काळ्या सिलिकॉनची ट्यूब. पुण्याच्या नाना पेठेत मागा किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला, वस्तू याच. मत आधीच सांगून टाकतो. रबरी पॅकिंग पहिल्या नंबरवर. ट्यूब उत्तम, पण नेमक्या दोन-तीन जागी. बाकी ठिकाणी ती नुकसान करते. कॉर्क नाइलाज म्हणून. आणि बाटली फक्त एका प्रकारच्या गळतीला थोडे दिवस चालते, इतर सगळ्या गळत्यांवर ते पैसे वाया जातात.

हे सगळं कार्ब्युरेटरवाल्या गाडीबद्दल आहे: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एफ८बी इंजिन. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्यातल्या कार्ब्युरेटरच्या गाड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. या वयात इंजिन आतून चांगलं असतं आणि तरी गळतं, कारण रबर म्हातारं होतं. सील आणि पॅकिंगमधलं रबर उष्णतेने कडक होतं, दाबल्यावर परत उसळत नाही, आणि धातूच्या फटीत केसाएवढी वाट मोकळी होते. त्यामुळे गळणाऱ्या ८०० चं इंजिन खोलायला निघायची घाई नको.

वस्तू विकत घेण्याआधी गळती कुठून आहे ते शोधायचं. इथेच सगळ्यात जास्त पैसे चुकतात. ऑइल वरून खाली वाहतं आणि गाडी पळत असताना वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून जिथे थेंब लोंबतो ती जागा बहुतेक वेळा गुन्हेगार नसते. थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुवा, डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. पुसून पूर्ण कोरडं करा. डिझेल ओलं राहिलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पेट घेऊ शकतं, तेव्हा अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं ठेवा. मग साध्या टाल्कम पावडरचा पातळ थर कव्हरच्या कडेला, डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी, ऑइल प्रेशर स्विचभोवती आणि चेंबरच्या (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेला फवारा. दहा-पंधरा किलोमीटर चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरवर जी सगळ्यात वरची ओली काळी रेघ, ती गळतीची जागा. तिच्या खालचे सगळे डाग तिचेच ओघळ.

वासही घ्या. इंजिन ऑइल काळपट आणि पातळ, गिअर ऑइल दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. डाव्या चाकाच्या अंगाला थेंब असतील तर कित्येकदा ते ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल असतं, आणि टॅपेट पॅकिंग बदलून त्यावर काहीच होत नाही.

आता एक जागा जवळून बघू, कारण तिच्यावरून हजारो रुपये वाचतात. ८०० मध्ये डिस्ट्रिब्यूटर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला, कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यावर) चालतो. त्याच्या बुडाला एक ओ-रिंग असते. ती कडक झाली की ऑइल तिथून पाझरतं, हेडच्या मागच्या कडेने खाली उतरतं, बेल हाउसिंगवर (क्लचभोवतीच्या कवचावर) पसरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याच्या तळाशी थेंब धरतं. क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलं की थेंब नेमका त्याच जागी पडतो. खालून बघणारा मेकॅनिक 'बॅक सील गेलंय' म्हणतो, गिअरबॉक्स उतरतो, क्लचप्लेटचाही विषय निघतो, आणि आठवड्याने थेंब पुन्हा हजर. दोन्हींतला फरक पावडर सांगते. बेल हाउसिंगचा माथा कोरडा आणि फक्त तळ ओला असेल तर मागचं सील. माथाही ओला असेल तर आधी वर बघा.

ओ-रिंग बदलायला अर्धा-पाऊण तास पुरतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॅप बाजूला करा आणि आत बोट फिरवा. आत ऑइल असेल तर दोष ओ-रिंगचा नाही, डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टच्या सीलचा किंवा बुशचा आहे, आणि तो डिस्ट्रिब्यूटर दुरुस्तीलाच द्यावा लागतो. आत कोरडं असेल तर पुढे चला. डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीवर आणि ती जिथे बसते त्या धातूवर मिळून एक सरळ रेघ ओढा, पांढऱ्या करेक्शन पेनने छान दिसते. रोटर कुठल्या दिशेला आहे तेही खुणेने धरा. बोल्ट काढून बॉडी सरळ बाहेर ओढा. ओढताना रोटर किंचित फिरला तर तोही कोन टिपून ठेवा, कारण बसवताना तिथूनच सुरुवात करायची. मधल्या वेळात कोणीही चावी फिरवायची नाही आणि गाडी गिअरमध्ये ढकलायची नाही. जुनी रिंग बोटाने वाकवून बघा: प्लॅस्टिकसारखी ताठ, आतून चपटी झालेली. तशी असेल तर तुमचा गुन्हेगार हाच. खाच लाकडी काडीने साफ करा, स्क्रू ड्रायव्हरने नाही, ओरखडा पडला की नवी रिंगही गळेल. नवी रिंग जुन्याच जाडीची हवी, त्यावर इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि बसवा. इथे सिलिकॉन लावू नका. शेवटी टायमिंग लाइटने इग्निशन टायमिंग तपासून घ्या. रेघा जुळल्या म्हणून सोडून देऊ नका.

पॅकिंगकडे वळण्याआधी ब्रीदर. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि तो ब्रीदरच्या पाइपमधून एअर क्लीनरकडे जायला हवा. पाइप आतून काळ्या चिखलाने तुंबला किंवा रबर मऊ होऊन आतल्या आत चिकटलं, की दाब साठतो आणि ऑइल सगळ्यात कमजोर सांध्यातून बाहेर ढकललं जातं. अशा इंजिनाला तुम्ही कव्हरचं पॅकिंग बदललंत तर दुसरीकडून गळती सुरू होते. पाइप काढून फुंकर मारून बघा, पेट्रोलने धुवा, भिंती मऊ पडल्या असतील तर नवा टाका. मग इंजिन गरम करून आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी धकधक चालते. पण तिथून धूर भसाभसा येत असेल आणि डिपस्टिक स्वतःहून वर सरकत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर झिजले आहेत. कम्प्रेशन तपासल्याशिवाय पॅकिंगवर खर्च करू नका.

आता वस्तू.

रबरी टॅपेट कव्हर पॅकिंग. मारुतीच्या जेन्युइन पाकिटातलं किंवा चांगल्या बनावटीचं पॅकिंग हातात घेतलं की कळतं: सगळीकडे एकसारखी जाडी, कडा स्वच्छ, दुमडून सोडलं की लगेच सरळ होतं. स्वस्त पॅकिंगमध्ये साच्याची शिवण उठून दिसते आणि कोपऱ्यात रबर पातळ असतं. तिथेच ते पहिल्या उन्हाळ्यात गळायला लागतं. विकत घेताना पॅकिंग घडी घालून टांगलेलं नको, घडीची रेघ कायमची राहते. बोल्टांखालचे रबरी वायसर वेगळे मागून घ्या. अर्ध्याअधिक वेळा पॅकिंग नवं आणि वायसर जुने असतात, मग ऑइल बोल्टच्या डोक्याशी येतं आणि दोष पॅकिंगवर जातो.

बसवायला कौशल्य लागत नाही, पण धीर लागतो. इंजिन पूर्ण थंड. एअर क्लीनर, पाइप, प्लगच्या वायरी क्रमाने बाजूला. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने ठोका, कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिथे पडलेली खोच कुठलंच पॅकिंग भरत नाही. जुन्या पॅकिंगचे आणि वाळलेल्या सिलिकॉनचे कण प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. खरवडताना कॅमशाफ्टवर स्वच्छ फडकं पसरून ठेवा. इथे पॉलिश पेपर नको: त्याची वाळू ऑइलमध्ये गेली तर बेअरिंगपर्यंत पोहोचते. दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने किंवा पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि कोरड्या होऊ द्या. कव्हर काचेवर पालथं ठेवून डुगडुगतं का बघा. आधीच्या कोणी बोल्ट जास्त आवळले असतील तर भोकांच्या आजूबाजूची कड वाकलेली असते. पत्र्याची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ होते. ओतीव कव्हर वाकलं किंवा तडकलं असेल तर ते बदला.

पॅकिंग कोरडंच बसवायचं. जिथे धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकतात त्या सांध्याच्या फटीवर मात्र सिलिकॉनचा गव्हाच्या दाण्याएवढा थेंब द्या. या कव्हरवर एवढ्यासाठीच ट्यूब लागते. संपूर्ण पॅकिंगला सिलिकॉन फासलं की ते वंगणासारखं काम करतं, आवळताना रबर घसरून बाहेर किंवा आत डोकावतं, आणि नवं पॅकिंग पहिल्याच दिवशी गळतं. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. सुझुकीच्या या छोट्या इंजिनांत कव्हरच्या बोल्टला ४ ते ५ न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क असतो. टॉर्क पाना नसेल तर दहाचा छोटा पाना दोन बोटांत धरून थांबेपर्यंत, तळहाताचा जोर लावायचा नाही. गळतंय म्हणून अजून थोडं आवळू, हा विचार या गाडीचा सगळ्यात जुना शत्रू आहे. त्याने पॅकिंग फुटतं, कड वाकते, शेवटी अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात आणि तेव्हा आट्यात हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्याचं काम निघतं. शेदोनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर एकदा हात फिरवून बघा, सैल वाटला तरच किंचित.

कॉर्क. त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे: कड थोडी वाकडी असेल तर कॉर्क ती झाकतो. बाकी सगळं विरुद्ध. दुकानात वर्षभर पडलेलं कॉर्क आकसतं आणि भोकं जुळत नाहीत. ओढून जुळवलं तर फाटतं. एकदा दाबलं गेलं की परत उसळत नाही, म्हणून वर्ष-दीड वर्षात पुन्हा ओलं. दुसरं काहीच मिळत नसेल आणि प्रवास समोर असेल, तर लावा, रबरी मिळाल्यावर काढा.

सिलिकॉनची ट्यूब. वस्तू फार चांगली, वापर फार वाईट. पहिली तपासणी नाकाने: थोडंसं दाबून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती अ‍ॅसिटिक प्रकारची आहे, धातूला गंज आणते; काचेच्या आणि बाथरूमच्या कामाची अशी ट्यूब इंजिनावर नको. इंजिनासाठी ऑइलला टिकणारी, न्यूट्रल क्युअर लिहिलेली घ्या. पुढे-मागे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीवर वापरणार असाल तर ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित असं लिहिलेलं हवं. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख वाचा. जुनी ट्यूब बाहेरून मऊ लागते पण लावल्यावर नीट घट्ट होत नाही.

ट्यूबचं खरं काम चेंबरवर. पत्र्याचं चेंबर आणि ब्लॉक यांच्यामध्ये २ ते ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि प्रत्येक भोकाला आतून वळसा घालून. दोन्ही कडा इतक्या कोरड्या की पांढऱ्या कापडावर डाग पडू नये. ऑइल काढल्यावरही ब्लॉकच्या कडेवर तासभर थेंब उतरत राहतात, त्यामुळे संध्याकाळी चेंबर उतरवून रात्रभर निथळू देणं आणि सकाळी लावणं सोयीचं. रेघ घातल्यावर दहा मिनिटांच्या आत चेंबर चढवा, वर साय धरली की ती चिकटत नाही. बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर, समोरासमोरचे जोडीने. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं: पावसाळ्यात लवकर, विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात सावकाश. ऑइल भरायची घाई करू नका, २४ तास द्या. 'तासाभरात गाडी न्या' म्हणणाऱ्या गॅरेजात तेवढा वेळ मागून घ्या.

जाड रेघ म्हणजे चांगली रेघ, हा गैरसमज इंजिन मारतो. जेवढं बाहेर पिळून निघतं तेवढंच आतही निघतं. आतलं ते शेपूट सुटतं, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं, आणि ऑइलचा लाल दिवा लागतो. चेंबर उतरवलंच आहे तर ती जाळी बघा. जुन्या दुरुस्त्यांचे काळे रबरी तुकडे तिथे सापडतात. आणि पेट्रोल लागतं तिथे ही ट्यूब चालत नाही. पेट्रोल पंपाच्या किंवा कार्ब्युरेटरच्या पॅकिंगवर ती फुगून लिबलिबीत होते.

लीक-स्टॉपची बाटली. तिच्यात रबर फुगवणारी द्रव्यं असतात, काहींत ऑइल दाट करणारे घटकही. आकसलेल्या पण अखंड रबरी सीलला ती थोडं मऊ करते आणि ओठ शाफ्टला पुन्हा टेकतो. म्हणजे क्रँक आणि कॅमच्या सीलमधून बारीक पाझर असेल आणि गिअरबॉक्स उतरवणं सध्या शक्य नसेल, तिथेच तिचा उपयोग. परिणाम लगेच नाही, काही शे किलोमीटरनंतर दिसतो, आणि पुढच्या ऑइल बदलानंतर ओसरू शकतो. कॉर्कवर, सिलिकॉनवर, वाकड्या कडेवर, फाटलेल्या सीलवर ती काही करत नाही. मात्रा वाढवली तर चांगली सीलही नको तेवढी मऊ होतात. ८०० मध्ये फिल्टरसह जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर ऑइल असतं आणि बाटल्या बहुधा चार-पाच लिटरच्या इंजिनासाठी मापलेल्या. पूर्ण बाटली ओतू नका, लेबलवरच्या प्रमाणाने मोजून टाका आणि डिपस्टिकची वरची खूण ओलांडू नका. तेवढ्या खर्चात २० डब्ल्यू-४० चं ताजं ऑइल आणि नवा फिल्टर जास्त समाधान देतो. पातळ सिंथेटिक ऑइल टाकल्यापासून गळती सुरू झाली असेल, तर आधी मॅन्युअलमधल्या ग्रेडवर परत या.

टायमिंग बेल्टच्या बाजूची क्रँक आणि कॅमची सील मात्र बाटलीवर सोडायची नाहीत. तिथलं ऑइल बेल्टवर उडतं, बेल्टचं रबर फुगतं, दात सुटतात. दोन्ही सील आणि बेल्ट एकत्र बदला; ऑइल लागलेला बेल्ट पुसून पुन्हा लावणं धोक्याचं. शाफ्टवर नखाला अडकेल अशी खाच पडली असेल तर नवं सील जुन्यापेक्षा एखादा मिलिमीटर कमी खोल बसवा, म्हणजे ओठ न झिजलेल्या पट्ट्यावर फिरेल. ओठाला ऑइल लावून, सरळ, सगळीकडून सारखं ठोकत.

काही गळत्यांना या चारपैकी काहीच लागत नाही. ऑइल फिल्टर बदलल्यावर लगेच धार लागली तर जुन्या फिल्टरची रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आहे आणि तिच्यावर नवी बसली आहे. इंजिन तत्काळ बंद करा. ड्रेन बोल्टचा वायसर दर ऑइल बदलाला नवा लावा. आणि ऑइल प्रेशर स्विच: त्याची वायर काढून टोकाशी बघा. वायरीच्या टोपीत ऑइल भरलेलं असेल तर स्विच आतून फुटला आहे, बाहेरून काहीही फासून थांबणार नाही, नवाच टाका. ऑइल फक्त आट्यांशी असेल तर काढून, पुसून, टेफ्लॉन टेपचे दोन वेढे आट्यांच्या दिशेने द्या, पहिला आटा मोकळा सोडून, म्हणजे टेपची चिंधी आत जाणार नाही. १२ ते १५ न्यूटन-मीटर पुरतो. आटे निमुळते आहेत, जास्त ताकद लावली तर ब्लॉकला चीर जाते.

हे काम मृगाच्या आधी उरका. सिग्नलवर थांबणाऱ्या गाड्यांचं ऑइल रस्त्यावर साठतं आणि पहिल्या सरीला नेमक्या त्याच पट्ट्यावर दुचाकी घसरतात. दुरुस्तीनंतर रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा, त्यावर पुढची दोन चाकं कुठे होती ते पेनाने मांडा, आणि तीन रात्री तोच कागद तिथेच ठेवा. डाग नवा आहे की अंगावर राहिलेलं जुनं ऑइल निथळतंय, ते तिसऱ्या सकाळी कळतं.